टीईटी आणि ‘टेट’: नावं जुळी, कामं निराळी

मार्च २०२३ मधली गोष्ट. माझ्याकडे पहिली ते चौथी शिकलेली एक मुलगी संध्याकाळी पेढे घेऊन घरी आली. डी.एड. झालेली, घरच्या द्राक्षबागेत राबून रात्री अभ्यास करणारी. “बाई, टेट निघाली! १२८ मार्क पडले.” मला इतका आनंद झाला की आधी पेढा तोंडात घातला आणि मग तिच्या पाठीवर हात ठेवला. ‘कोणती टेट?’ हे मी त्या दिवशी विचारलं नाही, याची चुटपुट मला आजही आहे.

सप्टेंबरात आम्ही दोघी तालुक्याच्या गावी नेट कॅफेत शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर स्वप्रमाणपत्र, म्हणजे स्वतःच्या पात्रतेची माहिती, भरायला बसलो. नाव, जात प्रवर्ग, दहावी, बारावी, डी.एड. असं सगळं भरून झालं. पुढे टीईटीचा तपशील मागणारा रकाना आला आणि तिने १२८ टाकायला सुरुवात केली. मी म्हटलं, “थांब, हे कसे? टीईटी तर दीडशेची असते, तुझे दोनशेपैकी आहेत.” तिचा हात माउसवर तसाच राहिला. टीईटी तिने दिलीच नव्हती. २०२१ ची टीईटी झाली तेव्हा तिने अर्ज केला नव्हता. पुढे ‘टेट’ची जाहिरात आली, ती तीच परीक्षा असं समजून तिने जीव तोडून अभ्यास केला होता. एका अक्षराच्या गोंधळात ती भरती तिच्या हातून गेली.

त्यानंतर मला असे बरेच जण भेटले. आता तर उलट्या बाजूने गोंधळलेलेही भेटतात. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेले माझेच सहकारी विचारतात, “मॅडम, आपल्याला ती टेट द्यावी लागणार म्हणे?” म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी नावांचा गुंता. एक आहे शिक्षक पात्रता परीक्षा. तिची इंग्रजी आद्याक्षरं टी, ई, टी. दुसरी आहे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिची आद्याक्षरं टी, ए, आय, टी. दोन्ही सलग वाचली की तोंडातून ‘टेट’च निघतं. वर्तमानपत्रं साधारणपणे पहिलीला ‘टीईटी’ आणि दुसरीला ‘टेट’ लिहितात, पण व्हॉट्सॲपवर आणि क्लासच्या फलकांवर ही शिस्त पाळली जात नाही. त्यात दोन्ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदच घेते. मुलांचा घोळ होतो यात मुलांचा दोष फारसा नाही. मी वर्गात ‘पात्रता’ आणि ‘अभियोग्यता’ असेच शब्द वापरते आणि मुलांनाही तीच सवय लावते.

पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आली ती शिक्षण हक्क कायद्यातून. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शिक्षकाची किमान अर्हता ठरवण्याची तरतूद होती. त्याप्रमाणे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांना ही परीक्षा सक्तीची केली. महाराष्ट्रात पहिली टीईटी झाली १५ डिसेंबर २०१३ ला. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. प्रत्येक पेपरला १५० प्रश्न, १५० गुण आणि अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुणांचे. पेपर दोनमध्ये गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रं यांतला एक गट ६० गुणांचा असतो.

या परीक्षेचं मर्म एकाच गोष्टीत आहे: इथे फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. ९० मिळाले काय आणि १४० मिळाले काय, भरतीच्या गुणवत्ता यादीत त्याने काडीचा फरक पडत नाही. टीईटी निघाली याचा अर्थ एवढाच की तुम्ही शिक्षक व्हायला पात्र आहात. नोकरीची हमी त्यात नाही, क्रमांकही नाही. आरटीओने वाहन चालवण्याचा परवाना दिला म्हणून एसटी महामंडळात चालकाची नोकरी लागत नाही, तसंच हे. पूर्वी हे प्रमाणपत्र सात वर्षं चालायचं. २०२१ मध्ये ते आजन्म ग्राह्य झालं, आणि आधीच्या प्रमाणपत्रांनाही तो निर्णय लागू झाला. त्यामुळे ज्यांच्याकडे जुनं प्रमाणपत्र आहे त्यांनी परीक्षा पुन्हा देण्याची गरज नाही. केंद्राची सीटीईटी उत्तीर्ण असाल तर तीही चालते.

अभियोग्यता चाचणीचा जन्म वेगळ्या दुखण्यातून झाला. २०१२ पासून शिक्षकभरती जवळपास थांबलेली होती, आणि खासगी अनुदानित संस्थांत जागा निघाली की तिच्या ‘भावा’ची चर्चा गावोगाव उघड चालायची. एका जागेसाठी शेत विकलेली घरं मी पाहिली आहेत. सगळी भरती एकाच पोर्टलवरून, गुणांच्या आधारे, सगळ्यांना दिसेल अशी व्हावी म्हणून २०१७ मध्ये ‘पवित्र’ प्रणाली आली आणि तिच्यासाठी ही चाचणी. पहिली झाली डिसेंबर २०१७ मध्ये. दुसरी थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये आणि तिसरी मे-जून २०२५ मध्ये. तारखा पुन्हा एकदा वाचा. पहिली आणि दुसरी यांच्यात पाच वर्षांहून जास्त अंतर आहे. विशीतली मुलं तिशीला टेकली, लग्नं थांबली, काहींनी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. हे अंतर म्हणजे नियोजनातली छोटीशी दिरंगाई नव्हे, एका पिढीचं वय त्यात गेलं.

चाचणीचं स्वरूपही निराळं. ती संगणकावर असते, अनेक दिवस, वेगवेगळ्या सत्रांत. २०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. एका प्रश्नाला ३६ सेकंद. त्यात १२० गुण अभियोग्यतेचे: गणिती क्षमता, वेग आणि अचूकता, मराठी-इंग्रजी भाषिक क्षमता, कल, समायोजन, व्यक्तिमत्त्व. ८० गुण बुद्धिमत्तेचे: समसंबंध, वर्गीकरण, श्रेणी, सांकेतिक भाषा, तर्क आणि अनुमान. टीईटीला वाचन लागतं, समज लागते. इथे हात चालावा लागतो. माझी ती मुलगी स्वयंपाकघरात ओट्यावर मोबाइल उभा करून, घड्याळ लावून वीस-वीस प्रश्नांचे संच सोडवायची. पोळी तव्यावर असताना एक प्रश्न, उलटली की दुसरा.

या चाचणीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असं काहीच नसतं. त्यामुळे ‘टेट पास झालो’ हे वाक्य अभियोग्यतेच्या बाबतीत निरर्थक आहे. तिथे असतो फक्त गुणांक, आणि तो दुसऱ्यांच्या तुलनेत वाचायचा. २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक जणांनी ही चाचणी दिली. त्यात तुमचे १२८ चांगले की बेताचे, हे तुमचा प्रवर्ग, माध्यम, विषय आणि निघालेल्या जागा मिळून ठरवतात. एखाद्या जिल्ह्याच्या बिंदुनामावलीत, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणाऱ्या नोंदवहीत, तुमच्या प्रवर्गाची जागाच नसेल तर १५० असूनही उपयोग नाही. आणि समांतर आरक्षणातून, म्हणजे भूकंपग्रस्त, प्रकल्पग्रस्त, माजी सैनिक अशांच्या जागेवर, कमी गुणांचा उमेदवार नियमानेच आत जातो. ‘अमक्याला ११० ला लागली, मला १३० ला का नाही’ म्हणून रात्रभर रडणाऱ्या मुलांना हे आधीच कुणी समजावलेलं नसतं.

आता कुणाला कोणती लागते ते बघू. पहिली ते आठवीच्या वर्गांवर जायचं असेल तर दोन्ही. टीईटीशिवाय तुम्ही पात्रच नाही आणि अभियोग्यतेच्या गुणांशिवाय पवित्र पोर्टलवर तुमचा विचार होत नाही. नववीपासून पुढे शिकवायचं असेल तर टीईटीची सक्ती नाही. तिथे पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, बी.एड. आणि अभियोग्यतेचे गुण यांवर काम होतं. बी.एड. झालेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही. तिथे डी.एड. किंवा डी.एल.एड.च हवं. तेव्हा केवळ बी.एड. असणाऱ्याने पेपर एकची तयारी करण्यात वर्ष घालवू नये, पेपर दोनवर भर द्यावा.

नोकरीत असलेल्यांचं काय, हा सध्या शिक्षक खोलीतला सगळ्यात जड प्रश्न. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरला आहे, अशा सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सेवेत राहता येईल, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. इथे मागितली आहे ती पात्रता परीक्षा. अभियोग्यता चाचणी भरतीसाठी आहे आणि सेवेत असलेल्याला तिच्याशी काही कर्तव्य नाही. तरीही दुकानात जाऊन बुद्धिमत्ता चाचणीचं जाडजूड पुस्तक घेऊन आलेले एक गुरुजी मला भेटले. सत्तेचाळीस वर्षांचे, चष्मा कपाळावर सरकवून कोडी सोडवत बसलेले. मी ते पुस्तक मिटलं आणि त्यांना बालमानसशास्त्राचं दिलं. मन भरून आलं. ज्या माणसाने वाडीवस्तीवर दोन वर्गांना एका खोलीत शिकवत वीस वर्षं काढली, त्याला आता आपली पात्रता कागदावर सिद्ध करायची आहे. हा निकाल पाळायलाच हवा, पण ती माणसं भरती झाली तेव्हा ही परीक्षा अस्तित्वातच नव्हती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. शासनाने त्यांना अभ्यासाला वेळ द्यायला हवा. मतदार यादी, सर्वेक्षणं आणि रोजच्या ऑनलाइन माहित्या भरता भरता बालमानसशास्त्रातला पियाजे कधी वाचणार?

या परीक्षेच्या वाट्याला मोठा डागही आला. २०१९ च्या टीईटीत अनुत्तीर्णांना उत्तीर्ण दाखवल्याचं पोलीस तपासात उघड झालं आणि ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ९० गुणांची एकच रेषा ओलांडली की काम झालं, अशी रचना असल्यावर दलाल नेमके त्या रेषेपाशीच उभे राहतात. म्हणून कुणीही ‘टीईटी करून देतो’ म्हणाला तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. प्रमाणपत्र जातं, नोकरीवर गदा येते आणि पोलिसांचं लचांड मागे लागतं ते वेगळंच.

दोन्ही परीक्षा निघून, कागदपत्र पडताळणी होऊन नियुक्ती मिळाली तरी पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षणसेवक असता, कायम शिक्षक नव्हे. मानधन प्राथमिकला महिना १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार, तेही १ जानेवारी २०२३ पासून. त्याआधी प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला ६ हजार मिळायचे. दुसऱ्या जिल्ह्यात नियुक्ती झाली की खोलीभाडं, जेवण आणि गावी जायचं भाडं यात ही रक्कम संपते. घरच्यांना वाटतं पोरगी सरकारी नोकरीला लागली, आता पगार येईल. त्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

अर्ज भरणाऱ्या मुलींसाठी एक सूचना, कारण यात मुलीच जास्त अडकतात. टीईटी माहेरच्या नावाने दिलेली असते आणि अभियोग्यतेचा अर्ज लग्नानंतरच्या नावाने भरला जातो. पडताळणीच्या टेबलावर दोन नावं दोन माणसं वाटतात. दोन्ही अर्ज दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावानेच भरा, आणि नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत फाइलमध्ये वर ठेवा.

माझ्या त्या मुलीला पुढची टीईटी मिळाली ती १० नोव्हेंबर २०२४ ला, कारण मधे तीन वर्षं राज्याची टीईटी झालीच नाही. ती निघाली. मग मे २०२५ मध्ये तिने पुन्हा अभियोग्यता दिली. निकालाच्या दिवशी फोन आला. मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं, “बाई, अभियोग्यतेचा निकाल लागला. दोनशेपैकी १४१. आणि टीईटीचं प्रमाणपत्र फाइलमध्ये पहिल्याच पानाला लावलंय.”