लिंगाणा
लिंगाणा हा रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यातला दुर्गसुळका आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर. घाटमाथ्यावरच्या रायलिंग पठाराला तो खेटून असला तरी मधल्या खिंडीने त्याला पूर्ण सुटे केले आहे. याच ठिकाणाहून बोराट्याची नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद उतरती घळ, कोकणातल्या पाने गावाकडे उतरते. पायथ्याचे पाणी काळ नदीने सावित्रीला आणि पुढे बाणकोटच्या खाडीत जाते.

१६५६ मध्ये जावळी आणि रायगड हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी लिंगाण्यावर बंदोबस्त बसवला. निम्म्या उंचीवर कातळात कोरलेली गुहा आणि पाण्याची टाकी आहेत. गुहेत कैदी ठेवत. १८१८ मध्ये रायगड पडला आणि पुढे इंग्रजांनी लिंगाण्याच्या पायऱ्या तोडल्या, असे सांगितले जाते. चढाईचा इतिहास दोराने वर गेलेल्या पहिल्या तुकडीपासून मोजण्याची पद्धत आहे. ती अपुरी आहे. त्याआधी शेकडो वर्षे छिन्नी घेऊन सुळक्याच्या अरुंद धारेवर टांगलेले पाथरवट आणि धान्य वाहणारे गडकरी हेच इथले खरे पहिले आरोहक होत.

आजची वाट बहुधा घाटमाथ्यावरच्या मोहरी गावातून सुरू होते. नाळेने खिंडीत उतरायचे आणि तिथून धारेला भिडायचे. बेसॉल्टचे एकावर एक थर असल्याने कातळटप्पा, मग गवताळ घसारा, पुन्हा कातळटप्पा, असा क्रम लागतो. निव्वळ कातळ त्या मानाने सोपा. खरी कसोटी घसाऱ्यावर लागते, कारण मुरूम पायाखालून सरकतो आणि हाताशी वाळक्या गवताखेरीज काही नसते. मधेच खोदीव पायरीचा तुकडा सापडतो, पाऊल नीट बसते, आणि पुढची पायरी तुटलेली असते. दोन्ही अंगांना दरी असल्यामुळे दृष्टिभय शेवटपर्यंत सुटत नाही. माथा चिंचोळा आहे. पश्चिमेला रायगड समोर दिसतो.

उतरणे रॅपलिंगनेच, म्हणजे बांधलेल्या दोरावरून. वरच्याच्या पायाने सुटलेला दगड थेट खालच्या माणसावर येतो, त्यामुळे हेल्मेट नसलेल्याला धारेवर घेऊच नये. सुट्टीच्या दिवशी एकाच दोरावर रांगा लावणे तर जिवाशी खेळ आहे. कातळात ठोकलेल्या जुन्या बोल्टवर भार टाकण्याआधी आघाडीच्या चढाईपटूने तो तपासावा. कोकणचा पाऊस या कातळावर शेवाळ धरवतो. चढाईचा खरा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी.