मिरवता येते तेवढेच हिरवे

गाडी, दागिने, मोठे घर यांतच ज्याला यश दिसते, तो पर्यावरणाची पर्वा कशाला करील? सरासरी काढली तर हा समज खरा ठरतो. तोवरच्या संशोधनाचे २०१३ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा भौतिकवादी मूल्ये (म्हणजे वस्तू-संपत्तीला दिलेले महत्त्व) आणि पर्यावरणपूरक वर्तन यांचा सहसंबंध सुमारे उणे ०.२४ निघाला; शून्य म्हणजे नातेच नाही, उणे १ म्हणजे पूर्ण उलटे नाते. नाते उलटे आहे खरे, पण सैल.

या सैलपणाचे एक कारण मोजमापातच असावे. भौतिकवाद मोजायला संशोधक मार्शा रिचिन्स आणि स्कॉट डॉसन यांची १९९२ ची प्रश्नावली आजही सर्रास वापरली जाते. तिच्यात १८ विधाने आहेत आणि प्रत्येकाशी आपण किती सहमत, ते सांगायचे. विधानांचे गट तीन: वस्तूंवरून यश जोखणे, वस्तूंना आयुष्यात मध्यवर्ती स्थान देणे आणि वस्तूंमुळेच सुख मिळेल असे मानणे. बरेच अभ्यासक तिन्हींची बेरीज करून मोकळे होतात आणि घोळ तिथेच होतो. पहिल्या गटातल्या विधानांशी सहमत असणाऱ्या माणसाला वस्तू नुसती हवी नसते, ती चारचौघांच्या नजरेत भरायला हवी असते.

२०१० मध्ये संशोधक ग्रिस्केव्हिशियस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत नेमके हेच तपासले. काही विद्यार्थ्यांना आधी प्रतिष्ठेची ओढ जागी करणारी गोष्ट वाचायला दिली, मग एकाच किमतीच्या दोन गाड्यांतून निवड करायला सांगितले: एक ऐषारामी, दुसरी पर्यावरणपूरक. ही गोष्ट न वाचलेल्यांत पर्यावरणपूरक गाडी निवडणारे सुमारे ३७ टक्के होते, वाचलेल्यांत ५४ टक्के. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम दुकानातल्या, लोकांसमोरच्या खरेदीत दिसला. घरबसल्या ऑनलाइन खरेदीत नाही. आणि पर्यावरणपूरक वस्तू महाग असेल तेव्हा ती अधिक भावली, स्वस्त असेल तेव्हा नाही! अर्थात गोष्ट वाचून क्षणभर जागी झालेली ओढ म्हणजे मुरलेला भौतिकवाद नव्हे, हे विसरू नये.

आपल्याकडे खासगी इलेक्ट्रिक स्कूटरला हिरवी नंबर प्लेट असते, पांढऱ्या अक्षरांची. सिग्नलला उभे राहिले की मागच्याला ती दिसतेच. याउलट छताचा बीएलडीसी पंखा घ्या, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा. साधा पंखा ७५ वॉट घेतो, हा साधारण ३०. रोज १२ तास, वर्षातले ३०० दिवस धरले तर १६२ युनिट वाचतात. आठ रुपये युनिटने जवळजवळ तेराशे रुपये. किमतीतला फरक बहुधा दीड-दोन वर्षांत वसूल. पण वर मान करून पंख्याचे वॉट कोण पाहतो? इथे प्रतिष्ठेची भाषा फुकट जाते. खोक्यावर ठळक अक्षरांत वर्षाची बचत रुपयांत छापावी.

ग्राहकांच्या पाहण्यांत ‘पर्यावरणपूरक वस्तू घ्याल का?’ असे विचारले की बहुतेक जण हो म्हणतात, कारण हो म्हणायला खिशातून काही जात नाही. खऱ्या किमती लावलेल्या दोन वस्तू समोर ठेवून निवडायला लावले, तर उत्तर अधिक भरवशाचे मिळते. त्यासोबत जुन्या वस्तूचे काय करणार, हेही विचारायला हवे. पेट्रोलची स्कूटर घरात ठेवून तिच्या शेजारी इलेक्ट्रिक उभी केली, तरी नोंद ‘पर्यावरणपूरक खरेदी’ अशीच होते. जुनीच दुरुस्त करून वापरणारा मात्र या मोजणीत कुठेच येत नाही.