तांब्याची नळी लाल झाली, तर ते सोल्डरिंग नव्हे
तांब्याच्या नळ्या गॅस टॉर्चने जोडण्याच्या प्रत्येक प्रकाराला ‘वेल्डिंग’ म्हणण्याची सवय इतकी मुरली आहे की सोल्डरिंग आणि ब्रेझिंग यांतला फरक विचारल्यावर बहुतेक जण टॉर्चच्या आकाराकडे बोट दाखवतात. यांपैकी एकही वेल्डिंग नाही, कारण तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते आणि दोन्हींत तेवढी उष्णता कधीच द्यायची नसते; वितळतो तो फक्त डाख, म्हणजे जोड भरणारा मिश्रधातू, आणि तो नळी व सॉकेट (फिटिंगचे नळी आत बसणारे तोंड) यांच्यातल्या बारीक फटीत केशाकर्षणाने ओढला जातो. डाख ४५० अंशांच्या आत वितळत असेल तर सोल्डरिंग, त्याहून वर वितळत असेल तर ब्रेझिंग, एवढी व्याख्या पुरे.

खरा घोटाळा होतो तो ‘ब्रेझिंग जास्त मजबूत, म्हणून पाण्याच्या नळीलाही तेच करावे’ या सल्ल्याने. हा सल्ला डाखाची ताकद मोजतो आणि नळीची विसरतो. सरळ, कडक नळीचा कडकपणा ती कारखान्यात ओढली जाताना आलेला असतो. ब्रेझिंगसाठी ती साधारण ६५० ते ८०० अंशांपर्यंत, म्हणजे लालसर होईपर्यंत तापवावी लागते, आणि तेवढ्यात जोडालगतचे तांबे कायमचे मऊ पडते. पोलादाप्रमाणे पाणी ओतून तो कडकपणा परत आणता येत नाही, म्हणून अशा जोडाचा दाब मऊ नळीच्या हिशेबानेच धरावा लागतो. उलट कथिलाचा डाख साधारण २३० अंशांच्या आसपास वितळू लागतो आणि नळीला धक्का लागत नाही. तो नरम असतो हे खरे, पण १५ मिलिमीटरच्या नळीवर सॉकेट ११ मिलिमीटर खोल धरले, तर डाखाने पकडलेला पृष्ठभाग ५०० चौरस मिलिमीटरांहून अधिक भरतो, ०.७ मिलिमीटर जाडीच्या त्याच नळीचे छेदक्षेत्र मात्र जेमतेम ३१ असते. घरातल्या पाण्याच्या दाबाला हे भरपूर आहे.

याच गैरसमजातून सोल्डरिंग करतानाही नळी लाल करणारे भेटतात. त्यात फ्लक्स, म्हणजे तांबे स्वच्छ ठेवून डाख पसरू देणारा लेप, जळून काळा पडतो आणि डाख फटीत न शिरता गोळ्या होऊन ओघळतो. नळीत थोडे पाणी राहिले असेल, तर ते आटेपर्यंत तो भाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. अशा वेळी नळी कोरडी करण्याऐवजी मोठा टॉर्च आणणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. विजेच्या कामाचे शिसेयुक्त सोल्डर पिण्याच्या पाण्याच्या नळीला लावू नये, हे तरी वेगळे सांगावे लागू नये.

ब्रेझिंगची खरी जागा एसी आणि शीतकपाटांच्या नळ्यांत आहे, जिथे दाब, कंपने आणि तापमान तिन्ही जास्त असतात. तिथल्या डाखातील फॉस्फरस तांब्याला तांबे जोडताना फ्लक्सचे काम स्वतःच करतो, पितळ आले की मात्र वेगळा फ्लक्स लागतो. तापवताना आतून नायट्रोजन सोडून हवा बाहेर ठेवली नाही, तर नळीत काळी खपली धरते आणि ती पुढे यंत्रात जाते.

गळणाऱ्या सोल्डर-जोडावर वरून ब्रेझिंग करणे सर्वांत वाईट, कारण उरलेले कथिल नव्या डाखाला तांब्याशी नीट चिकटू देत नाही. तो जोड कापून नवे फिटिंग घालावे.