व्हर्सिटी लेटर

अमेरिकेतील हायस्कुले व महाविद्यालये यांच्या मुख्य संघाला व्हर्सिटी म्हणतात. या संघातून मोसमभर खेळून ठरावीक पात्रता मिळवणाऱ्या खेळाडूला संस्थेचे आद्याक्षर कापडी चिन्हाच्या रूपात देण्याची प्रथा आहे. त्या चिन्हाला व्हर्सिटी लेटर, तर मानकऱ्याला लेटरमन म्हणतात.

प्रथेचा उगम हार्वर्ड विद्यापीठात सापडतो. १८६५ मध्ये तेथील बेसबॉल संघाने करड्या फ्लॅनेलच्या सदऱ्यांवर गॉथिक वळणाचा ‘एच’ लावला, आणि दशकभराने अमेरिकी फुटबॉलच्या संघानेही तेच केले. मात्र अक्षर तेव्हा सर्वांच्याच अंगावर असे. येल किंवा प्रिन्स्टन या प्रतिस्पर्धी विद्यापीठांविरुद्धच्या महत्त्वाच्या सामन्यांत उतरलेल्यांनाच कर्णधार ते स्वतःकडे ठेवू देई, इतरांना मोसमाअखेर परत करावे लागे. गणवेशाच्या खुणेचे बक्षीस झाले ते या परतीच्या अटीमुळेच, असे म्हणायला हरकत नाही. १८९१ च्या सुमारास अक्षर स्वेटरवर आले, तर लोकरी अंगाचे व चामडी बाह्यांचे जाकीट १९३० च्या आसपास रूढ झाले.

हे अक्षर बहुधा शेनीलचे, म्हणजे फेल्टच्या तुकड्यावर लोकरी धाग्याचे दाट फासे उठवून केलेले असते आणि जाकिटाच्या डाव्या छातीवर शिवले जाते. पुढच्या वर्षी पुन्हा पात्र ठरल्यास सहसा नवे अक्षर न देता त्यावर लावायला धातूची पट्टी देतात. खेळानुसार छोट्या पिनाही असतात, उदाहरणार्थ धावपटूसाठी पंख असलेले पाऊल.

पात्रतेचे नियम देशभर एकसारखे नाहीत. अमेरिकी फुटबॉलमध्ये किती क्वार्टर (सामन्याचे चार भाग) खेळला, मैदानी स्पर्धांत किती गुण मिळवले, असे निकष शाळा किंवा प्रशिक्षक ठरवतात. त्यामुळे संघात नाव असूनही बाकावरच बसून राहिलेल्याला अक्षर मिळेलच असे नाही, आणि एकदाही मैदानात न उतरलेल्या विद्यार्थी-व्यवस्थापकाला मात्र ते मिळू शकते. शालेय संघांत मुलींना दीर्घकाळ फारच थोडी जागा होती. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर त्यांचा सहभाग झपाट्याने वाढला. आता अनेक शाळा वाद्यवृंद, वादविवाद व अभ्यास यांतील कामगिरीसाठीही अक्षर देतात.

ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये विद्यापीठाकडून खेळणाऱ्याला मिळणारा ‘ब्लू’ हा याच जातीचा मान. भारतीय विद्यापीठांत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेल्या खेळाडूला मिळणारे ‘कलर होल्डर’ हे बिरुद अमेरिकी अक्षरापेक्षा या ब्रिटिश परंपरेला अधिक जवळचे आहे.