चिखलाने वसवलेला बाजार

1800 च्या सुमारास पॅरिसमध्ये चांगले बूट घालून खरेदीला निघायचं म्हणजे संकटच. बहुतेक रस्त्यांना पदपथ नव्हते, सांडपाणी रस्त्याच्या मधोमध वाहायचं आणि घोडागाडी गेली की चिखल थेट अंगावर. दोन इमारतींमधल्या बोळावर काचेचं छप्पर घालून खाली दुतर्फा दुकानं थाटायची कल्पना तिथे रुजली ती यामुळेच. अशा बोळाला म्हणत ‘पासाज’. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्ये असे शंभराहून जास्त पासाज झाले.

मला सगळ्यात मोह पडतो तो त्या छपराचा. काच तेव्हा तोंडाने फुंकून करत. कारागीर फुंकनळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन फुंकायचा, झुलवत झुलवत त्याची लांब नळकांडी करायचा. मग दोन्ही टोकं कापून, नळकांडी उभी चिरून भट्टीत पुन्हा तापवली की ती उलगडून सपाट व्हायची. माणसाच्या छातीत दम असेल तेवढाच काचेचा आकार! म्हणून छपरावर छोट्या छोट्या काचा, कौलं शाकारावीत तशा एकीवर एक चढवून. वाळूतल्या लोहामुळे त्यांना हिरवट झाक असे.

काचा पेलायला लोखंडाच्या बारीक पट्ट्या आल्या. लाकडाच्या जाड तुळयांपेक्षा त्यांची सावली कमी पडते. पण लोखंड उन्हात वाढतं: 50 मीटर लांबीचं छप्पर 30 अंशांनी तापलं तर सुमारे 18 मिलिमीटर. काच एवढ्याने तडकायची. तिला सांभाळलं जवसाच्या तेलात खडूची पूड मळून केलेल्या पुट्टीने. ती बरीच वर्षं थोडी मऊ राहते आणि ही हालचाल पोटात घेते. पासाज दे पानोरामात तर 1817 च्या सुमारास गॅसचे दिवेही आले. रात्री तिथे लखलखाट, बाहेर काळोख.

मग बाहेरचा रस्ताच सुधारला. 1853 पासून पॅरिसचा प्रशासक ओस्मान याने रुंद रस्ते, पदपथ आणि भुयारी गटारं केली. ‘बाँ मार्शे’सारख्या भव्य दुकानांत सगळा माल एकाच छताखाली, ठरलेल्या भावात मिळू लागला. ज्या चिखलापासून पळून गिऱ्हाईक बोळात शिरत होतं, तो चिखलच उरला नाही. गॅसच्या काजळीने काचा काळवंडल्या, भाडेकरू गेले. पासाज द लोपेरा 1925 मध्ये पाडला गेला, तोही ओस्मानच्याच नावाचा रस्ता पुढे न्यायला.

आज विसेक पासाज उरलेत. पासाज दे पानोरामात जुनी पोस्टाची तिकिटं विकणारी दुकानं आहेत, आणि ती तिकिटं निरखायला उजेड अजूनही काचेच्या छपरातूनच येतो.