हजेरी : सोलापूरच्या शाळांमधल्या वेगळेपणाची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावरून बोट फिरवलं तर बिराजदार, येमूल, शेख, माने, हिरेमठ, गड्डम, जाधव अशी आडनावं ओळीनं लागतात. घरी आईला कुणी अव्वा म्हणतं, कुणी अम्मा, कुणी अम्मी. शाळेत आपण मुलांना 'वेगळेपणाचा आदर करा' असं सांगतो, पण हे वेगळेपण या गावात आलं कुठून, ते सहसा सांगत नाही.

इथलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. त्यामुळे कन्नड इथं पाहुणी नाही. आदिलशाही-निजामशाहीच्या ओढाताणीत भुईकोट किल्ल्याभोवती दखनी उर्दू बोलणारी वस्ती वाढली. 1877 मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली, आणि पुढे गिरण्यांच्या अन् हातमागांच्या आधारानं तेलंगणातून पद्मशाली विणकरांची घरंच्या घरं येऊन पूर्व भागात स्थिरावली. माग, चादर, टॉवेल आणि बायकांच्या हाती विडी, यावर तो भाग उभा राहिला.

शाळाही तशाच वाढल्या. समाजांनी आपापल्या संस्था काढल्या. महापालिकेच्या शाळा मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या माध्यमांतून चालल्या. 1956 मध्ये राज्यघटनेत आलेल्या 350-अ कलमानं भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगितलं. 1967 मध्ये बालभारती स्थापन झाली, तिची पुस्तकं या चारही भाषांत निघतात. पोराला पहिलीत आपल्याच घरची भाषा ऐकू येणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि सोलापूरनं ती पुष्कळ काळ जपली. पण या व्यवस्थेत मुलं एका वर्गात बसत नव्हती. भेटत ती सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, नाहीतर 12 जानेवारीला चार हुतात्म्यांना हार घालताना. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, चौघांना 1931 मध्ये येरवड्यात एकाच दिवशी फाशी झाली. चौघं चार समाजांतले होते.

हजेरी या शब्दाला सोलापुरात आणखी एक अर्थ होता. इंग्रजांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसांच्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्याच नावाच्या नंतरच्या कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. आतली माणसं गिरणीत राबायची आणि सरकारी माणसापुढं हजेरी द्यायची. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, तरी त्या वस्तीला आजही सेटलमेंट म्हणतात. माझ्या वर्गात तिथला एक मुलगा होता. कुणाचं पेन हरवलं की सगळ्यांच्या आधी त्याचं दप्तर उपसलं जायचं. आम्ही बघत बसायचो, मीही. पेन एकदाही त्याच्याकडं सापडलं नाही. ज्या गावानं चार भाषांना चार छपरं दिली, त्याच गावानं या मुलांना संशय दिला, हे पार्श्वभूमी सांगताना गाळता येत नाही.

राज्यात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आलं, पुढे सेमी-इंग्रजी आणि इंग्रजी माध्यमाकडं ओढा वाढला. आता येमूल आणि शेख एकाच बाकावर बसतात. भाषेची वेगळी शाळा होती तेव्हा घरची बोली जपायचं काम ती शाळाच करायची. आता ते एका वर्गशिक्षिकेच्या अंगावर आलंय आणि त्यासाठी तिला कुणी तयार केलेलं नाही. हीच आजची खरी अडचण आहे, असं मला वाटतं.

मागच्या पालकसभेत पूर्व भागातल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. विड्या वळून बोटं पिवळी पडलेली. मराठी समजत नाही म्हणून दारातच उभ्या होत्या. नातू मान खाली घालून बसला होता. वर्गाच्या बाईंचं घर कन्नड, पण त्या उठल्या, खुर्ची पुढं ओढली आणि तेलुगूत म्हणाल्या, "कूर्चोंडी, अम्मा." पोरानं झटकन मान वर केली.