स्टुप उपचारपद्धती

स्टुप उपचारपद्धती : ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अतिशय वेगाने वाढणाऱ्या कर्करोगावर किरणोपचार (रेडिएशन) आणि टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचे औषध एकाच वेळी देण्याची, व किरणोपचार संपल्यावर तेच औषध काही महिने चालू ठेवण्याची पद्धत. स्विस कर्करोगतज्ज्ञ रॉजर स्टुप यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीवरून तिला हे नाव मिळाले. २००५ पासून जगभर हाच प्रमाण उपचार मानला जातो.

ग्लायोब्लास्टोमाच्या गाठीला स्पष्ट कडा नसते. तिच्या पेशी आसपासच्या निरोगी दिसणाऱ्या मेंदूतही शिरलेल्या असतात, त्यामुळे शल्यचिकित्सकाने दिसणारी सगळी गाठ काढली तरी काही पेशी मागे उरतातच. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार दिल्यास आयुष्य वाढते हे १९७० च्या दशकात सिद्ध झाले. त्याला औषधाची जोड देण्याचे प्रयत्नही तेव्हापासून चालू होते, पण लाभ किरकोळच राहिला. रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचे हे ठरवणारा रक्त-मेंदू अडथळा बहुतेक औषधांना आत शिरू देत नाही, ही त्यातली मोठी अडचण होती.

टेमोझोलोमाइड हा अडथळा बऱ्यापैकी ओलांडते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने १९८० च्या दशकात ते विकसित केले. ते तोंडाने घ्यायचे कॅप्सूल असल्याने रोज सलाइन लावावे लागत नाही. शरीरात ते आपोआप विघटित होऊन डीएनएमधील ग्वानिन या घटकाला मिथिल गट (कार्बन व हायड्रोजनचा छोटा रासायनिक तुकडा) चिकटवते. असा बिघडलेला डीएनए घेऊन पेशी विभागू लागली की ती मरते. किरणोपचार डीएनएचे धागे तोडतात. दोन्ही आघात एकाच काळात झाले तर पेशीला सावरणे अवघड जाते, हा या जोडीमागचा विचार.

युरोपातील व कॅनडातील कर्करोग संशोधन संस्थांनी मिळून घेतलेल्या चाचणीत ८५ केंद्रांवरचे १८ ते ७० वयाचे ५७३ रुग्ण होते. निम्म्यांना फक्त किरणोपचार मिळाले, तर निम्म्यांना औषधासह. किरणांची एकूण मात्रा ६० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक). ती रोज २ ग्रे, आठवड्यातून ५ दिवस, अशी ६ आठवड्यांत दिली जाते. डोके तसूभरही हलू नये म्हणून प्रत्येक रुग्णाच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मास्क बनवतात. या काळात टेमोझोलोमाइड शनिवार-रविवार न चुकवता रोज, शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटरला ७५ मि.ग्रॅ. या हिशेबाने घ्यायचे. पृष्ठभाग १.६ चौ.मी. असेल तर रोजची मात्रा १२० मि.ग्रॅ. होते. मग चार आठवडे विश्रांती. त्यानंतर मात्रा प्रति चौ.मी. १५० ते २०० मि.ग्रॅ. पर्यंत वाढवून दर २८ दिवसांतले ५ दिवस औषध, अशी ६ आवर्तने होतात.

निम्मे रुग्ण किती काळ जगले हे सांगणारा मध्यक १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. नुसता हा आकडा वाचला तर अडीच महिन्यांसाठी एवढा खटाटोप का, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण या उपचाराचे खरे मोल मध्यकात दिसत नाही. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के झाले, आणि पाच वर्षांनंतर १.९ ऐवजी ९.८ टक्के रुग्ण जिवंत होते. लाभ सर्वांत सारखा वाटला गेलेला नाही. काहींना जवळजवळ काहीच मिळाले नाही, तर काहींना वर्षे मिळाली.

याचे बरेचसे कारण संशोधक मोनिका हेगी यांच्या गटाने २००५ मध्येच दाखवले. एमजीएमटी हे प्रथिन टेमोझोलोमाइडने केलेली इजा दुरुस्त करते. काही गाठींत त्याचे जनुक मिथिलीकरणामुळे, म्हणजे त्यावर मिथिल गट चिकटल्याने, बंद पडलेले असते आणि तिथे औषध जोमाने काम करते. अशा रुग्णांचा मध्यक एकत्र उपचाराने २१.७ महिने, तर केवळ किरणोपचाराने १५.३ महिने होता. म्हणून गाठीच्या तुकड्यावर ही तपासणी करून घेणे मोलाचे ठरते.

थकवा, मळमळ आणि बद्धकोष्ठता हे त्रास नेहमीचे. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटतात, म्हणून रक्ततपासणी वारंवार होते. रोगप्रतिकारशक्ती कमी झाल्याने न्यूमोसिस्टिस नावाचा न्यूमोनिया होऊ शकतो आणि तो टाळण्यासाठी प्रतिजैविक देतात. उपचारानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसू शकते, पण ती कधीकधी केवळ उपचाराने आलेली सूज असते. त्यामुळे त्या एकाच चित्रावरून उपचार फसला असे ठरवणे घाईचे ठरते.

भारतात टेमोझोलोमाइड जेनेरिक स्वरूपात मिळते. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि नवी मुंबईत खारघरचे त्याचे ॲक्ट्रेक केंद्र येथे मेंदूच्या गाठींवर उपचार होतात. अनेक वृद्धांना सहा आठवड्यांचे किरणोपचार झेपत नाहीत. ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या रुग्णांच्या २०१७ मधील चाचणीत तीनच आठवड्यांत ४० ग्रे देऊन सोबत टेमोझोलोमाइड दिले, तेव्हा मध्यक केवळ तेवढ्याच किरणोपचारांच्या ७.६ वरून ९.३ महिने झाला.

नंतर या पद्धतीत गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅब या औषधाची भर घालून पाहिली, पण एकूण आयुष्य वाढले नाही. डोक्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांतून सौम्य विद्युतक्षेत्र देण्याच्या उपकरणाने मध्यक १६ वरून २०.९ महिन्यांवर नेला. ते दिवसाचे १८ तास लावावे लागते आणि फार महाग आहे. एमजीएमटी सक्रिय असलेल्या रुग्णांसाठी टेमोझोलोमाइडपेक्षा सरस ठरलेले औषध अजून हाती आलेले नाही.